ऑर्किडच्या वहीतला रंगाचा रकाना

ऑर्किडचं बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला चार-पाच वर्षं लागतात. एवढ्या वेळात माणसानं करायचं काय? पाणी घालायचं, वाट बघायची आणि एकमेकांची फजिती लक्षात ठेवायची. त्यामुळे आमच्याकडे फुलं मोजकी आहेत, किस्से मात्र ढिगानं.

लालबागमध्ये चार डोकी जमली की मंडळ होतं. त्या हिशेबानं आमचंही मंडळच, फक्त पावतीपुस्तक नाही. मी भोईवाड्याची, कोर्टात स्टेनो. हरेश शीव कोळीवाड्याचा, इन्शुरन्सचं काम करतो. विलासकाका गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. ते आणि सुमनकाकू राहतात त्या बिल्डिंगच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, आमची झाडं टांगलेली असतात. शिवाय आमचं ऑर्किडचं बी रुजवून देणाऱ्या लॅबच्या मेघना मॅडम. आम्हाला सांभाळणं त्यांच्या नोकरीत बसत नाही, तरी त्या सांभाळतात.

*

सुरुवात माझ्यापासूनच करते, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा नको.

दोन ऑर्किडचा संकर करणं अगदी सोपं असतं. एकाचा पराग टूथपिकवर घ्यायचा आणि दुसऱ्याच्या फुलात चिकटवायचा. लागू पडला तर शेंग धरते. माझी पहिल्याच फटक्यात धरली. पाच महिने मी तिला जपलं, चांगली पिकू दिली आणि एका रविवारी टेबलावर पेपर पसरून सुरीनं चिरली. मला वाटलं, आत मटारासारखे दाणे असतील. आत निघाली पिवळट पावडर, आणि डोक्यावर पंखा फुल स्पीडवर.

मी तोंड उघडेपर्यंत आईनं टेबल पुसलंसुद्धा. "अगं आई, बी होतं ते."

"बी? मला वाटलं तुझी पावडर सांडली," आई म्हणाली आणि फडकं झटकायला गॅलरीत गेली.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. "या बीमध्ये रोपाला पुरेल असा साठाच नसतो, कुंडीत पेरलं तर मरतं. आम्ही ते बाटलीत, साखर घातलेल्या जेलीवर पेरतो. एकही जंतू आत जाऊ देत नाही. म्हणून शेंग फुटायच्या आधी, हिरवी असतानाच आणायची." मग म्हणाल्या, "आणि यायच्या आधी पंखा बंद करायचा."

*

हरेशनं मात्र शेंग हिरवी असतानाच काढली. उन्हाचे दिवस, लॅब लांब. शेंग वाटेत कोमेजू नये म्हणून त्यानं आईचा मासळीचा आइस बॉक्स घेतला आणि लॅबमध्ये थेट मॅडमच्या टेबलावर ठेवला.

झाकण उघडताच अख्खी लॅब मागे सरकली. वर प्लास्टिकच्या डबीत शेंग, खाली बर्फात दोन पापलेटं. जिथं चप्पल बाहेर काढून, डोक्याला टोपी घालून जावं लागतं, तिथं!

मॅडमनी शेंग तीनदा धुतली, स्पिरिटमध्ये बुडवली. मग म्हणाल्या, "हरेश, पुढच्या वेळी मासे घरी ठेवून ये."

हरेशचा चेहरा पडला. "मॅडम, ते तुमच्यासाठी होते. आईनं दिलेत."

त्या दिवशी मॅडम पापलेट घेऊन लवकर घरी गेल्या, असं तिथला वॉचमन सांगतो.

*

बी रुजलं की लॅब आपल्याला बाटल्या देते. बूच घट्ट लावलेलं, आत बोटाच्या पेरापेक्षा छोटी रोपं. बाटली उजेडात ठेवायची आणि मॅडम सांगेपर्यंत उघडायची नाही.

माझ्या दुसऱ्या शेंगेच्या तीन बाटल्या आल्या. आईला त्यांच्यावरची लेबलं फार आवडली. लेबलवर शेंग धरलेल्या झाडाचं नाव आधी लिहितात आणि पराग देणाऱ्याचं नंतर. म्हणजे आधी आई, मग बाप. "ही लॅब शहाणी आहे," आई म्हणाली. माझे बाबा मी लहान असतानाच गेले, शाळेच्या फॉर्मपासून सगळीकडे ती एकटीच उभी राहिली. त्यामुळे तिच्या तोंडून हे ऐकताना मला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी कोर्टातून आले तर तिन्ही बुचं काढून ओळीनं मांडलेली. "लेकरांचा जीव गुदमरत होता गं. बघ, आता कशी मोकळी झाली."

आठवड्यात आत पांढरी बुरशी. मी मॅडमना फोन लावला आणि लाजेनं आईच्याच हातात दिला. आईनं "जय भीम" म्हटलं आणि सगळं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "आई, बूच लावलेलं असलं तरी त्यांना पुरेशी हवा मिळते."

"मग हे लेबलवर लिहायचं ना," आई म्हणाली.

तेव्हापासून आमच्या लॅबच्या प्रत्येक बाटलीवर तसं लिहिलेलं असतं.

*

विलासकाकांना रंग ओळखता येत नाहीत, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. लाल, हिरवा, तपकिरी, सगळं त्यांना एकच. गिरणीत रंगखात्यात लागले होते, तिसऱ्या दिवशी साहेबांनी उचलून साचेखात्यात, यंत्रांवर टाकलं. असा माणूस फुलांचे संकर करतो!

त्यांच्या वहीत रंगाचा रकाना काकूंच्या अक्षरात असतो. "सोलकढी." "कोकम सरबत, पाणी जास्त झालेलं." "शेवंती, दुसऱ्या दिवशीची." मॅडम साताऱ्याच्या. त्यांनी एकदा फोन करून विचारलं, "काकू, सोलकढी म्हणजे घट्ट की पातळ?" आता त्या स्वतःच्या नोंदींतही सोलकढी लिहितात.

मी एकदा काकूंना म्हटलं, एखादं फूल फसलं तर काकांना बरं वाटावं म्हणून थोडं वाढवून सांगत जा. काका मधेच बोलले. "तिनं एकदा जरी असं केलं ना, तर माझी अख्खी वही रद्दीत जाईल."

*

काकांना एक फूल हवं होतं, पिकल्या कोकमाच्या रंगाचं. रंग त्यांना दिसणार नव्हता. काकूंनी "कोकम" असं नुसतं म्हणावं, पुढे "पाणी जास्त" नको, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी संकर केला, लॅबनं रोपं दिली, ती कुंड्यांत लागली आणि मग काकू आजारी पडल्या. आजार मोठा होता. परळच्या हॉस्पिटलात वर्षभर फेऱ्या चालल्या. डॉक्टर म्हणाले, पुढचं काही आत्ता सांगता येणार नाही.

गच्चीवर पाणी घालायला मी आणि हरेश पाळीनं जायचो. काका आम्हाला काकूंविषयी काही सांगत नसत, कुठल्या कुंडीला किती पाणी तेवढंच सांगत. एक दिवस एक रोप पिशवीत घालून ते लॅबमध्ये गेले. मी बरोबर होते. त्यांनी मॅडमना विचारलं, "याला लवकर फूल यावं असं काही औषध आहे का?"

मॅडमना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "नाही काका." मग त्यांनी ते रोप हातात घेऊन उगाचच त्याची मुळं तपासली. मला रडू आलं, म्हणून मी बाहेर वॉचमनपाशी जाऊन उभी राहिले.

*

काकूंची ट्रीटमेंट संपली. दर तीन महिन्यांनी तपासायला जावं लागतं, पण त्या घरी आहेत, चालतात, ओरडतात. आणि यंदा त्या रोपांतल्या एकाला कळ्या आल्या. काका रोज विचारायचे, काकू रोज सांगायच्या, "उमलल्याशिवाय रंग सांगायचा नाही."

रविवारी सकाळी उमललं. आम्ही सगळे गच्चीवर होतो, मॅडमसुद्धा. मी वाकून फूल बघितलं. इतकी वर्षं थांबून आलेलं फूल, आणि त्याला धड रंगच नव्हता.

काकू जिना चढून आल्या, धापा टाकत. डोक्यावर नुकते उगवलेले बारीक केस. काकांच्या पाठीमागून हरेशनं काकूंना हात जोडले. मी ओठ हलवून "कोकम" म्हटलं. मॅडमही हळूच मान हलवत होत्या, आणि त्या तर सायंटिस्ट.

"सांग गो," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ फूल बघितलं. "मळकट. जुन्या बनियनसारखा."

आमच्यापैकी कुणी काकांकडे बघितलं नाही. काकांनी मान डोलावली. "आणि मध्ये?"

"मध्ये टाचणीच्या टोकाएवढं कोकम आहे. पाणी न घातलेलं."

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "तेवढं धरून पुढचा संकर करता येईल. पण आणखी चार-पाच वर्षं लागतील, सुमन."

"लागू देत," काकू म्हणाल्या. "रंग सांगायला मीच लागणार ना तुम्हाला?"