पसंतीला नेलेला ड्रेस

अमरावतीहून अकोल्याला रोज अपडाऊन करणाऱ्या बाईचे कपडे तिच्या आवडीचे नसतात, गाडीच्या आवडीचे असतात. चुरगळणारं नको, दारात अडकेल अशी ओढणी नको, पांढरं तर नकोच नको. सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर जे अंगात असतं, तेच संध्याकाळी त्याच फलाटावर परत उतरतं. मध्ये बदलायला ना जागा ना वेळ. एकवीस वर्षं मी हे करते आहे, त्यामुळे माझ्या कपाटात राखाडी, मातकट आणि निळा असे तीनच रंग उरले आहेत. याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. आमच्या दहावीच्या वर्गाचं गेट-टुगेदर ठरलं आणि मग मात्र कपाट उघडून मी चिडायला लागले.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं आणि नोकरी परत अकोल्याची. शाळेत मी पहिल्या तिघांत असायचे. त्या शाळेपासून दोन चौक पलीकडच्या कार्यालयात मी आता वरिष्ठ लिपिक आहे. बाकीच्या कुठे कुठे गेल्या. एक पुण्याला मोठी डॉक्टर, एक तर थेट परदेशात. गेट-टुगेदर कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, अकोल्यातल्याच एका हॉलवर. म्हणजे सकाळी जे घालून निघायचं त्यातच ऑफिस करायचं आणि त्यातच त्या सगळ्यांसमोर उभं राहायचं. मातकट कुर्त्यात उभं राहायची माझी तयारी नव्हती.

अमरावतीत, राजापेठेत आमचं ठरलेलं एक दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथंच जाते, आणि तिथं गेले की काउंटरवरच्या बाईंकडेच जाते. सगळं दुकान त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, आणि तोंडाला फाटक नाही. दुसऱ्या दुकानात सगळं तुम्हाला शोभतंच. बाई मात्र सरळ सांगायच्या, "हा नोका घेऊ ताई, याच्यात तुमी आडव्या दिसता." म्हणून तर माझा त्यांच्यावर विश्वास होता.

मी माझी अडचण सांगितली. बाईंनी चष्मा लावला, वरच्या फळीवरून एकच ड्रेस काढला. मोतिया रंगाचा लांब कुर्ता, त्यावर त्याच रंगाची बारीक बुट्टी, बाहीला बोटभर जरीकाठ.

"दिवसा साधा दिसते," त्या म्हणाल्या, "न् लाइटखाली चमकते. ऑफिसात साधी ओढणी घेजा, संध्याकाळी ही जरीची. कानात मोठं काही घातलं का झालं."

आरशात मी स्वतःला बघितलं आणि मला मी आवडले. बऱ्याच वर्षांनी आवडले. किंमत बघितली. आवाक्याबाहेरची होती असं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी स्वतःची समजूत घालताना 'परवडत नव्हतं' अशी मखलाशी करून बघितली होती. परवडत होतं. पण मोतिया रंग गाडीत चालणार नाही, म्हणजे हा एकदाच घातला जाणार आणि मग कपाटात पडून राहणार, या विचारानं माझा हात आखडला. एका संध्याकाळसाठी इतका?

त्या दुकानात एक पद्धत होती. ओळखीचं गिऱ्हाईक असलं की कपडे घरी पसंतीला न्यायला मिळायचे. सासूला दाखवा, मुलीला दाखवा, रात्रभर विचार करा, नको असलं तर परत आणा. आमच्याकडच्या बायकांना भर दुकानात, नवऱ्याच्या आणि मालकाच्या देखत, हो-नाही करता येत नाही. घरी दार लावून, आरशासमोर, पोरीबाळींना विचारून मग ठरतं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. काउंटरवरची बाई 'माह्या नावावर न्या' म्हणाली की पिशवी मिळायची.

"पोरीले दाखवून परवा आणून देतो," मी म्हटलं.

"न्या नं. माह्या नावावर न्या," बाई म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड दुमडून माझ्या हातात दिली.

त्या क्षणी माझ्या मनात नक्की काय होतं, हे मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. मुलीला दाखवायचं होतं हे खरं नव्हतं. मला माहीत होतं मी काय करणार आहे.

दुसऱ्याच दिवशी गेट-टुगेदर होतं. सकाळी मी तो ड्रेस घालून निघाले. किमतीचा पुठ्ठा मानेमागे आत दुमडला आणि सेफ्टी पिननं टाचला. घामाचा डाग नको म्हणून दोन्ही काखेत सुती रुमाल ठेवले. गाडीत जागा असूनही टेकले नाही, अर्धवट बसून अकोला गाठलं. तो पुठ्ठा दिवसभर मानेला टोचत होता. ऑफिसात टेबलाशेजारची म्हणाली, "मस्त आहे, कुठून घेतला?" मी म्हटलं, बहिणीनं पाठवला. मला बहीण नाही हे तिला माहीत नव्हतं, इतकंच माझं नशीब.

संध्याकाळी जरीची ओढणी घेतली, ऑफिसच्या बाथरूममध्ये झुमके घातले आणि हॉलवर गेले. बाई म्हणाल्या होत्या ते अगदी खरं निघालं. लाइटखाली ड्रेस उजळला. सगळ्या म्हणाल्या, अगं तू तर आहेस तशीच आहेस. मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू. मग ती पुण्याची डॉक्टर आली आणि तिनं मला मिठी मारली. तिचा हात माझ्या मानेमागे थांबला. पिन सुटली होती, पुठ्ठा बाहेर आला होता. तिनं दोन बोटांनी तो हळूच आत सरकवला, वरून ओढणी नीट केली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. तिला वाटलं असणार, हिची परिस्थिती बेताची आहे. पुढचा सगळा वेळ ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होती, माझ्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी करत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी गरीब नाही. पण मग मी कोण आहे, हे सांगावं लागलं असतं.

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती, वर लाल तर्री. एरवी मी यावर तुटून पडते. त्या दिवशी ताट छातीपासून लांब धरून चिमणीसारखी खात होते. तरी उजव्या बाहीला, आतल्या बाजूला, बोटाएवढा पिवळा डाग पडला. मी बेसिनवर धावले आणि हात धुवायच्या साबणानं खसाखसा घासला. डाग निघाला नाही, उलट लालसर झाला. घरी आल्यावर परत घासला, पंख्याखाली वाळत घातला आणि सकाळी वरून गरम इस्त्री फिरवली. माझी कॉलेजात जाणारी मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"हा कोणाचा?" तिनं विचारलं.

"दुकानाचा," मी म्हटलं. तिनं इस्त्रीकडे बघितलं, बाहीकडे बघितलं आणि आत निघून गेली.

होत्या तशा घड्या घातल्या. डागाची बाही आत ढकलली. संध्याकाळी दुकानात जाऊन पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, पोरीला आवडला नाही. बाईंनी पिशवीतून ड्रेस काढून, न उघडता, तसाच मागच्या फळीवर ठेवला.

"उघडून पाहून घ्या नं," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. बहुतेक मला वाटत होतं की त्यांनी आताच्या आता पकडावं.

"तुमी आणला म्हनजे पाहाचं काय त्यात," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्यानंतर मी त्या दुकानावरून जाणं सोडलं. भाजी आणायला मागच्या गल्लीनं जायचे. घरात कोणी राजापेठेचं नाव काढलं तरी मी विषय बदलायचे. दिवाळी आली तेव्हा मुलगी म्हणाली, कुर्ता घ्यायचा आहे, चल. मी दुसऱ्या दुकानाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "कावून? आपलं दुकान आहे नं." तिला एरवी वऱ्हाडी बोलायची लाज वाटते. त्या दिवशी ती मुद्दाम तशी बोलली असं मला वाटलं.

दुकानात शिरलो तर काउंटरवर कोणी नवीन मुलगी होती आणि तिच्या मागच्या भिंतीवर पाटी लावली होती. कपडे घरी पसंतीला दिले जाणार नाहीत. मालक गल्ल्यावर बसले होते. मी विचारलंसुद्धा नव्हतं, पण माझी नजर पाटीवर गेलेली बघून ते स्वतःच सांगू लागले.

"का सांगू ताई. तुमच्यासारखी चार मानसं सोडली त लोकाईले किंमत नाही. एका बाईनं ड्रेस नेला, घालून फिरली, भाजी सांडवली न् वापस आणून देल्ला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाले दाखवाले काढला त बाहीले डाग, मसाल्याचा वास. गिऱ्हाइकासमोर माही फजिती. आन् आमच्या बाई म्हनतात, बाहेरगावची होती, नाव माहीत नाही. नाव माहीत नाही त देल्ला कावून? मी त्याईले सांगतलं, हा आता तुमीच पैसे भरून ठेवून घ्या, न् वर गोडाऊन पाहा."

तुमच्यासारखी चार माणसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी समोरच्या कुर्त्यांच्या ढिगात हात घालून रंग बघत राहिले.

तेवढ्यात वरून कपड्यांचा गठ्ठा घेऊन बाई जिन्यातून उतरल्या. त्यांच्या अंगात तोच मोतिया ड्रेस होता. उजव्या बाहीला कोपरापर्यंत वेगळ्या कापडाची रुंद पट्टी लावली होती, आणि बाह्या वेगवेगळ्या दिसू नयेत म्हणून डाव्या बाहीलाही तशीच. मला बघून त्या हसल्या, नेहमीसारख्याच. मग माझ्या मुलीजवळ येऊन, मालकाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "तुले आवडला नव्हता म्हने हा?"

माझ्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "हो काकू. मोठा होत होता मला."

लहानपणी खोटं बोलली म्हणून याच मुलीला मी एकदा संध्याकाळभर कोपऱ्यात उभं केलं होतं. आज ती माझ्यासाठी न अडखळता खोटं बोलली. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज तेव्हा वाटली.

आम्ही काही न घेता बाहेर आलो. मुलीनं स्कूटरला किल्ली लावली, पण ती सुरू केली नाही.

"आई, मी इथं थांबते," ती म्हणाली. "तू जाऊन ये."

मी परत गेले. मालक फोनवर होते. मी जिना चढून वर गेले. गोडाऊनमध्ये बाई खाली बसून ब्लाउजपीस लावत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाई, तो डाग माझा आहे. मी घातला होता."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "तुमच्याशिवाय कोनाले देल्ला होता मी?"

"मग नाव का नाही सांगितलं?"

"जबान माही होती. तुमचं नाव सांगून ते वापस येनार होती का?"

मला रडू आलं, आणि रडण्याचीही लाज वाटली, कारण नुकसान त्यांचं झालं होतं. मी उठले. म्हटलं, "मी आत्ता खाली जाऊन सांगते. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल. तो ड्रेस पण मी घेते."

तेव्हा पहिल्यांदा बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"नोका सांगू ताई. मी त्याईले म्हटलं का बाहेरगावची होती. तुमी सांगसान त मी खोटी पडीन. आता फक्त गोडाऊनमंधी बसवलं, मंग दुकानातून काढतीन."

मी तशीच उभी राहिले. खरं बोलायला गेले होते आणि तेही मला आता करता येत नव्हतं. त्यांनी माझ्याऐवजी खोटं बोलून ठेवलं होतं आणि ते आता मलाच सांभाळायचं होतं. त्या परत घड्या घालू लागल्या आणि सहज, ड्रेस निवडून देताना बोलायच्या तशाच सुरात म्हणाल्या, "हळदीले साबन लावाचा नसते ताई. तसाच ओला करून उन्हात टाकाचा. आपोआप निघून जाते."

मी अजूनही त्याच दुकानात जाते. न जाणं सोपं होतं, म्हणून जाते. बाईंना पुढच्या उन्हाळ्यात परत काउंटरवर आणलं, पण पाटी तशीच आहे. कोणीतरी सून किंवा एखादी नवी नवरी दबक्या आवाजात विचारते, घरी दाखवून आणू का? बाई नुसतं पाटीकडे बोट दाखवतात. ती बिचारी मग आरशात धड न बघता, घाईघाईत, सासूच्या तोंडाकडे बघत काहीतरी निवडते आणि निघते. अशा वेळी मी शेजारीच उभी असले तरी बाई माझ्याकडे चुकूनही बघत नाहीत. एकदा तरी त्यांनी बघावं, असं मला दर वेळी वाटतं.