बाहेरच्या टेबलावरची वाटी

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला दुपारी बाँगयोने दारासमोर घडीचं टेबल मांडलं आणि नेहमीसारखं रस्त्याकडे तोंड करून लावलं. घरच्या पितरांचं जेवण तिसऱ्या मजल्यावर, देव्हाऱ्यापुढे. हे टेबल परक्यांचं. ज्यांच्या मागे कुणी उरलं नाही, ज्यांचं नाव कुणाच्याच देव्हाऱ्यात नाही, ते सगळे या महिन्यात मोकळे सुटतात आणि जेवायला दारोदार फिरतात. त्यांना भूत म्हणायचं नाही. ‘भले भाऊ’ म्हणायचं, म्हणजे ते जेवून गुमान पुढच्या दाराला जातात.

बाँगयोने खुर्चीवर पाण्याचं घमेलं ठेवलं, काठावर कोरा टॉवेल टाकला. लांबून येतात बिचारे, हातपाय धुवायला नकोत? मग अख्खी कोंबडी, मासा, शेवयांची पाकिटं, बिअरचे दोन डबे. प्रत्येक पदार्थात एकेक उदबत्ती खोचून झाल्यावर तिने टेबलाच्या अगदी बाहेरच्या कडेला एक लहान वाटी ठेवली. तिच्यात साखरेत घोळलेले अळकुड्यांचे तळलेले गोळे होते. बाँगयो स्वतः गोडाला शिवत नसे.

“हे दरवर्षी कुणासाठी, वन्सं?” ग्योकहुईने विचारलं. ही तिची वहिनी, भावाची विधवा.

“असंच,” बाँगयो म्हणाली.

दरवर्षीचा प्रश्न आणि दरवर्षीचं उत्तर. यंदा मात्र बाँगयो तिथेच उभी राहिली, कमरेला हात लावून टेबलाकडे बघत. “पुढच्या वर्षी मीठ जरा बेताने घाला, वहिनी. मी इकडच्या बाजूने जेवणार आहे.”

“जीभ आवरा! निदान हा महिना तरी!” वहिनीने इकडे-तिकडे पाहिलं, कुणी ‘भाऊ’ ऐकत तर नाही ना म्हणून.

थट्टा नव्हती ती. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या पोटाचा फोटो उजेडासमोर धरला होता आणि नवीन वर्षापर्यंतचं बोलले होते, त्यापुढचं नाही. मरणाचं बाँगयोला फारसं वाटलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, पुष्कळ झालं. पण साठ वर्षं हे टेबल मांडणाऱ्या बाईला त्यावर कोण जेवतं हे पक्कं ठाऊक होतं. धक्काबुक्की करून जेवायचं, वर्षातून एकदा, नाव घेऊन बोलावणारं कुणी नाही. त्या विचाराने तिला रात्री घाम फुटायचा.

तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘झालीच आहे तर वाढवू’ असा. त्साईंच्या घरात मुलगा हवा असताना आलेली ही पहिलीच मुलगी. आधी एक मुलगा असूनही बापाला अजून हवे होते. शाळेत घरची बोली बोलली म्हणून मास्तरांनी गळ्यात पाटी अडकवून तिला मैदानात उभी केली, तशी चौथीत शाळा सुटली. पुढे आई अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षं. धाकटी सिओकलान लग्न करून काओश्युंगला निघून गेली, थोरला भाऊ बुनहिओंग दुकानात. आईच्या ओल्या चादरी धुवायला राहिली बाँगयो. आई गेली तेव्हा ही सदतिसाची होती आणि मागणी घालणारे केव्हाच आजोबा झाले होते.

तेव्हापासून देव्हारा तिचा. सकाळ-संध्याकाळ अडतीस पायऱ्या चढून उदबत्ती लावायची. कुणाची तिथी कधी, कुठल्या पणजोबाला बदकाचं मटण चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. मादोउच्या त्या गल्लीत कुणाकडे बारसं असो की मयत, आधी बाँगयोआत्याला विचारून यायचं. आणि आत्याचा स्वभाव खमका. नियम म्हणजे नियम. त्यातला एक नियम तिनेच चारचौघींना सुनावलेला: घरच्या देव्हाऱ्यात मुलीचं नाव बसत नाही. मुलीने नवऱ्याच्या घरी जाऊन तिथल्या देव्हाऱ्यात बसायचं. लग्न झालं नाही किंवा मोडलं, तर तिची जागा कुठेच नाही.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला पुतण्या पोयुआन शिनचूहून सुट्टीवर आला. गल्लीभर पपनसांचा वास सुटला होता. आत्याला साल निघत नाही बघून त्याने पपनस तिच्या हातून घेतलं आणि सोलता सोलता म्हणाला, “आत्या, आई सांगत होती. तू कशाला जीव जाळतेस? तुझं नाव आपल्या देव्हाऱ्यात ठेवू. हाय काय आणि नाय काय!”

“तुझ्या बापाचा देव्हारा आहे का?”

“हो! माझ्याच बापाचा आहे.”

बाँगयोला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. पण वहिनीने सुरी खाली ठेवली. “बाबा रे, तुझी बायको पोटुशी आहे. वरच्यांना न विचारता काही करू नकोस. कौल घे. ते हो म्हणाले तर माझी काही हरकत नाही.”

हे रीतीला धरूनच होतं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, तांदळाच्या गोळ्यांचा नैवेद्य असतो त्या दिवशी, कौल घ्यायचा असं ठरलं.

फक्त एक अडचण होती. पोयुआनला घरची बोली धड येत नव्हती. आईबापाने त्याला लहानपणापासून सरकारी भाषेत वाढवलं, पोराच्या गळ्यात पाटी नको म्हणून. आणि वर बसलेल्या पितरांना सरकारी भाषेचा गंध नाही.

“बाबांना येते की,” तो म्हणाला.

“येते. पण तो जिवंतपणी कुणाचा निरोप नीट पोचवायचा नाही, आता काय पोचवणार आहे!”

मग दर रविवारी फोनवर शिकवणी सुरू झाली. वाक्य एकच: “त्साईंच्या वाडवडिलांनो, बाँगयो तुमचीच लेक, तिला पंगतीला घ्याल का?” पोयुआन ते असं म्हणायचा, जसं लिफ्टमधलं यंत्र मजला सांगतं. “अरे, मागतोयस ना? मग मागितल्यासारखं बोल!” ती फोनवर ओरडायची आणि मग धाप लागून पडून राहायची. शरीर वाळत चाललं होतं, तरी त्या तीन महिन्यांत तिच्या मनाला पालवी फुटली होती. ‘तुमचीच लेक’ हे शब्द तिला पुन्हा पुन्हा ऐकायचे होते, हे खरं. तो बरोबर म्हणाला तरी ती चूक काढायची.

कौलाचा दिवस उजाडला. तिला आता जिना चढवत नव्हता, म्हणून पोयुआनने तिला पाठुंगळीला घेतलं. तिचं वजन लागलंच नाही. वहिनी आल्याच्या पाकातले लाल-पांढरे गोळे उकळायला खाली स्वयंपाकघरात थांबली होती.

देव्हाऱ्यासमोर पोयुआनने उदबत्ती लावली, गुडघे टेकले आणि कौलाच्या दोन लाकडी फोडी ओंजळीत धरल्या. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, पपनसाच्या फोडीएवढ्याच. एक उताणी नि एक पालथी पडली की होकार. असं लागोपाठ तीनदा पडलं की पक्कं. दोन्ही पालथ्या म्हणजे नकार. दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या, तर पितर हसले: ना हो, ना नाही, परत विचारायचं.

त्याने वाक्य म्हटलं. या वेळी ते यंत्रासारखं नव्हतं. फोडी फरशीवर पडल्या आणि दोन्ही सपाट बाजू वर करून स्थिर झाल्या.

“हसले,” तो म्हणाला. “माझं बोलणं ऐकून हसले असतील. थांब.”

दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदाही हसले. पोयुआन तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग जिन्याकडे बघत हळूच म्हणाला, “आत्या, आई खाली आहे. मी जाऊन सांगतो, तीनदा हो म्हणाले. कोण बघायला आलंय?”

 बाँगयोला भिंतीला टेकून बसवली होती, ती सरकून पुढे आली.

“हेच केलं होतं मी,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझी सिओकलान आत्या. नवऱ्याने सोडली ती. तू पाच वर्षांचा होतास ती गेली तेव्हा.”

सिओकलानचं त्याला एवढंच आठवत होतं, की ती वर्षअखेरीच्या जेवणाला कधी नसायची. सोडलेली बहीण त्या संध्याकाळी माहेरच्या पंगतीला बसली तर भावाचं घर बसतं. म्हणून ती बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरायची आणि बाँगयो तिला डबा नेऊन द्यायची. डब्यात साखरेतले अळकुड्यांचे गोळे असायचे, ते तिला फार आवडायचे.

“ती गेली तेव्हा दादा रडत होता. मला म्हणाला, नियम गेला खड्ड्यात, वर जाऊन कौल घे, हो म्हणाले तर तिला घरात घेऊ. मी एकटीच वर आले. कौल टाकला.” बाँगयोने श्वास घेतला. “तीनदा होकार पडला, पोरा. लागोपाठ तीनदा. आणि मी खाली जाऊन सांगितलं, नाही म्हणाले.”

“का पण?”

“तिला नवरा मिळाला, शहर मिळालं, पावडर-लिपस्टिक मिळाली. सगळं मोडून आली तरी वर जागा! आणि मी? आईचं हागणं-मुतणं अकरा वर्षं मी काढलं. माझ्यासाठी कोण कौल घेणार होतं तेव्हा? वाटलं, मला नाही ना, मग तिलाही नको. इतकंच. दुसरं काही कारण नव्हतं.”

जिन्यात भांडं वाजलं. वहिनी हातात ताट घेऊन शेवटच्या पायरीवर उभी होती, आणि गोळ्यांच्या वाट्यांमधून अजून वाफ निघत होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. ती आत आली, ताट खाली ठेवलं, पण नैवेद्याच्या जागी नाही, फरशीवरच.

“एकतीस वर्षं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “शेवटी हॉस्पिटलात ह्यांचं एकच चाललं होतं. म्हणायचे, माझ्या धाकटीला बापाने दारात उभं केलं नाही, मी कुठल्या तोंडाने वर जाऊ? मी त्यांना समजावत होते, वन्सं. तुम्ही शेजारी बसून त्यांचे पाय चेपत होतात.”

  हॉस्पिटलातल्या त्या दिवसांतही बाँगयोच्या एका वाक्याने भाऊ सुटला असता, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून निघालं नव्हतं.

तिने पोयुआनच्या बाहीला हात लावला. “आता तिच्यासाठी विचार. वाक्य तेच. नाव तेवढं बदल.”

त्याने नाव बदललं. सिओकलान तुमचीच लेक, तिला पंगतीला घ्याल का? एक उताणी, एक पालथी. पुन्हा तशीच. पुन्हा तशीच. जणू कुणी एकतीस वर्षं उत्तर तयार ठेवून बसलं होतं.

गोळे गार होऊन एकमेकांना चिकटले होते. पोयुआन रडवेला होऊन म्हणाला, “वर्षअखेरीला तुझ्यासाठी परत विचारू, आत्या. परत विचारता येतं, तूच सांगितलंस.” त्याने आईकडे पाहिलं. आईने वाट्या उचलल्या आणि ती खाली निघून गेली.

“माझं नाव परत काढायचं नाही,” बाँगयो म्हणाली. “ते हसले. पुरे झालं.”

सुताराने सिओकलानच्या नावाची पट्टी बनवून दिली. ती देव्हाऱ्यात भावाच्या पट्टीशेजारी बसवण्याआधी पोयुआनने आत्याच्या अंथरुणावर आणली. बाँगयोला ती अक्षरं धड लागली नसती, पण धाकटीचं नाव लागलं. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पट्टी परत दिली. वहिनी त्या दिवसांत तिचं सगळं करत होती, पेज भरवत होती, कूस बदलत होती, चादरी धूत होती. फक्त बोलत नव्हती. बाँगयोला ती चादरी धुण्याचा आवाज मोरीतून ऐकू यायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून घ्यायची.

बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, देव घरोघरच्या तक्रारी घेऊन वर रजेवर जातात त्या दिवशी सकाळी, बाँगयो गेली. अस्थी गावाच्या अस्थिघरात सातव्या ओळीत ठेवल्या. नाव कुठेच लागलं नाही. पण त्या वर्षी वहिनीने नवीन वर्षाचा तांदळाचा गोड केक लावला नाही. ज्या घरात सुतक असतं तिथे तो करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. आणणाऱ्यांतली एक चाचरत म्हणालीच, “लग्न न झालेल्या नणंदेचं कुठं एवढं पाळतात?” वहिनीने तिच्या हातून केक घेतला आणि दार लावलं.

पुढे सातवा महिना आला. पोयुआन सुट्टी काढून आला होता, त्यानेच टेबल बाहेर नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून लावलं. घमेलं, टॉवेल, कोंबडी, मासा, शेवया. मीठ बेताचं होतं. सगळ्या पदार्थांत उदबत्त्या खोचून झाल्यावर वहिनी पुन्हा आत गेली आणि पदराखाली धरावी तशी हाताआड एक वाटी घेऊन आली. पातळ पेज, वर खारवलेल्या मुळ्याचे चार तुकडे. गोड न खाणाऱ्या माणसाचं सकाळचं खाणं. टेबलाच्या अगदी बाहेरच्या कडेला तिने ती ठेवली आणि गर्दीत सांडू नये म्हणून जराशी आत सरकवली.

“हे कुणासाठी, आई?” पोयुआनने विचारलं.

वहिनीने वाटीत उदबत्ती खोचली, ती सरळ उभी राहते की नाही ते बघितलं.

“असंच,” ती म्हणाली.