सौंसरात इवारची सेवापूर्ती

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्थानकावर पूर्वी कुणी घड्याळ बघत नसे. उत्तमराव कळंबे माइकवर काय सांगतात तेवढं ऐकायचं आणि पिशवी उचलायची, असा रिवाज होता. टपरीएवढी केबिन, त्यात एक स्टूल, एक माइक आणि उत्तमराव. छिंदवाड्याची गाडी असो की नागपूरची, ती लागल्याची बातमी ते अशा थाटात देत की गाडी जणू त्यांनीच घरून धुऊन-पुसून आणली आहे. शेवटी ठरलेलं वाक्य असे, "घाई करू नका, जागा सगळ्यायले भेटते." जागा सगळ्यांना कधीच मिळत नसे. पण उत्तमरावांनी सांगितल्यावर उभ्यानं जाणाऱ्यालाही आपण बसूनच चाललोय असं वाटे.

मग त्यांचा घसा बसला. नागपूरच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, साधीच आहे म्हणाले, आणि काही महिने मोठ्यानं बोलायचं नाही अशी ताकीद दिली. उत्तमराव केबिनीत परतले तेव्हा त्यांच्या स्टुलावर एक डबा ठेवलेला होता आणि त्या डब्यातून एक बाई बोलत होती. गाडीमालक संघटनेचे अध्यक्ष भूपेंद्रसेठ यांनी तिची सोय केली होती. बाई चहा मागत नव्हती, सुट्टी मागत नव्हती, आणि न आलेली गाडीसुद्धा वेळेवर लावत होती. उत्तमराव संघटनेचे कायम नोकर नव्हतेच, तेव्हा ते निवृत्त झाले असंही म्हणता येईना, आणि निवृत्त झाले नाहीत म्हणून समारंभही होईना. आता सौंसरात नळाचं पाणी सोडणारा निवृत्त झाला तरी शाल, श्रीफळ, हार आणि दारापर्यंत बँडबाजा असतो. उत्तमरावांना नारळ मिळाला तो फक्त लोक बोलताना म्हणतात तसला.

पुढे डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज थोडा जाड, थोडा फाटका झाला होता, पण होता. उत्तमराव मात्र कुजबुजतच राहिले. तो आवाज गेला, आता हा कुणाला ऐकवायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा, यापायी नुसता जीव जळत होता. नवरा धडधाकट आणि घर मुकं. वरणात मीठ कमी पडलं की जास्त झालं हे त्यांना त्याच्या भुवयांवरून ओळखावं लागे. शिवाय कुजबुजणाऱ्याशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यामुळे पंचफुलाबाई कुजबुजायच्या, शेजारी कुजबुजायचे, आणि दूधवाला तर फाटकाबाहेर उभा राहून नुसते ओठ हलवायचा.

दुपारी उत्तमराव टीव्हीवर भजनं लावून बसत. एक दिवस रिमोटवर बोट कुठं पडलं कोण जाणे, समोर आलं एक अवाढव्य दगडी चर्च आणि त्यात लाल झगे घालून ओळीनं उभी असलेली मुलं. नॉर्वे देशातल्या एका कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या थोरल्या चर्चचा, तो मुलांचा गायनवृंद होता. त्यातला एक मुलगा पाऊलभर पुढं आला आणि त्यानं एकच सूर वर नेला. उत्तमरावांचा चहा हातातल्या हातात थंड झाला. मुलाचं नाव इवार. त्या दिवसापासून भजनं बंद झाली आणि कळंब्यांच्या घरी रोज दुपारी इवार गाऊ लागला.

गोष्ट इथंच थांबती तर ठीक होतं. पण उत्तमराव कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यांतले नव्हते. त्यांची मुलगी केतकी पांढुर्ण्याला शाळेत इंग्रजी शिकवते. दर रविवारी ती घरी आली की नॉर्वेतल्या संगीताची चौकशी सुरू व्हायची. तिनं सांगितलं की ओले बुल नावाचे एक थोर व्हायोलिनवादक तिथं होऊन गेले, आणि एडवर्ड ग्रीग नावाचे संगीतकार तर सगळ्या जगात गाजले. उत्तमरावांनी दोघांचे फोटो पाहिले आणि भरघोस पांढऱ्या मिशांवरून ग्रीग पसंत केले. स्टुडिओतून मोठा फोटो काढून आणला, फ्रेम केली आणि बैठकीत लावला. येणारेजाणारे उत्तमरावांचे आजोबा समजून नमस्कार करू लागले. लोधीखेड्याच्या एका म्हातारीनं तर ओळखलंच त्यांना. यांनीच आमच्या घरची बैलजोडी जुळवून दिली होती, असं ती डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. तिला खरं काय ते सांगायचं तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं, म्हणून उत्तमराव गप्प राहिले.

नाताळानंतर गायनवृंदानं एक छोटा व्हिडिओ टाकला. इवार आता मोठा होतोय, त्याचा आवाज फुटतोय, तेव्हा पुढच्या ओळीतलं त्याचं गाणं आज संपलं, असं त्यात सांगितलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, गाण्याच्या गुरुजींनी हात मिळवला, पोरानं झगा काढून खुंटीला लावला, जाकीट घातलं आणि बाहेर बर्फात चालता झाला. व्हिडिओ संपला. उत्तमरावांनी तो पुन्हा लावला, कारण मधलं काहीतरी सुटलं असावं असं त्यांना वाटलं. सुटलं काहीच नव्हतं. लहानपणापासून देवाच्या दारात गायलेल्या मुलाला त्या लोकांनी साधा एक हार घातला नव्हता. उत्तमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोट्ट्याची सेवापूर्ती आपण करू," ते कुजबुजले.

पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण कित्येक महिन्यांनी नवऱ्यानं स्वतःहून काही करायचं काढलं होतं, म्हणून नाही म्हणवेना.

समिती जमली. मंडप-डेकोरेशनवाले अनिल आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारे निवृत्त मुख्याध्यापक हेमंत गुरुजी, एवढीच ती समिती. यजमान कुजबुजतात म्हणून सगळी बैठक कुजबुजत पार पडली. ओसरीवर तीन माणसं डोकी एकत्र करून हळूहळू काहीतरी ठरवताहेत हे पाहून रस्त्यानं जाणारा पोलीस शिपाई आत आला आणि त्यानंही कुजबुजतच विचारलं की काय कट चाललाय. त्याला इवारचं गाणं ऐकवलं. ते ऐकून तो बंदोबस्ताचं मी बघतो म्हणाला. प्रमुख पाहुण्यावर जरा अडलं. गावात पाहुणा म्हणून मिरवायला कायम तयार असा माणूस एकच, भूपेंद्रसेठ. उत्तमरावांचा चेहरा पडला. पण पाहुण्याशिवाय सोहळा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, आणि नवरदेव तर आधीच नॉर्वेत होता. त्यांनी मान हलवून होकार दिला.

बसस्थानकाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. फ्लेक्सवर हिंदीत 'भव्य विदाई समारोह', खाली लाल झग्यातला इवार, आणि त्याच्या भोवती शुभेच्छुकांचे फोटो एवढे मोठे की सेवा नक्की कुणाची पूर्ण झाली हे ओळखू येईना. केतकीनं वडिलांसाठी गायनवृंदाला इंग्रजीत सगळं कळवलं होतं. आमच्याकडे अशी रीत आहे, माझे वडील बसस्थानकावर गाड्या पुकारायचे, घशाच्या दुखण्यानंतर ते मोठ्यानं बोलत नाहीत, तुमच्या इवारसाठी त्यांनी हे काढलं आहे. त्यावर इवारनं एक व्हिडिओ पाठवला होता. तो तिनं कुणालाच दाखवला नव्हता, बापालाही नाही.

दीपप्रज्वलन झालं. ग्रीग यांच्या प्रतिमेला हार घातला गेला. मग भूपेंद्रसेठ बोलायला उभे राहिले. सेठचं निरोपाचं भाषण एकच आहे आणि ते सगळ्यांना चालतं. इवारजींनी आपल्या दीर्घ सेवाकाळात कुणाला दुखावलं नाही, असं ते म्हणाले. आता त्यांनी तब्येत सांभाळावी, तीर्थयात्रा करावी, नातवंडांत रमावं, असंही म्हणाले. मागं फ्लेक्सवर तेरा वर्षांचा इवार हे सगळं शांतपणे ऐकत होता. टाळ्या जोरात पडल्या.

शालीची वेळ आली आणि हेमंत गुरुजींच्या लक्षात आलं की शाल घ्यायला कुणी नाही. सत्कारमूर्ती हजर नसेल तर प्रतिनिधी लागतो. "इवारच्या वतीनं उत्तमराव कळंबे यांनी शाल स्वीकारावी," गुरुजी माइकवर म्हणाले. उत्तमराव जोरजोरात मान हलवू लागले. पण त्यांना अनिलनं धरून वर आणलं आणि भूपेंद्रसेठनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. डबा आणून त्यांना हटवणारा माणूस आज त्यांना हार घालत होता आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. उत्तमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शाल त्यांची नव्हती, दुसऱ्याची होती, आणि तरी ती अंगावर बरी वाटत होती, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

तेवढ्यात केतकीनं पडद्यावर व्हिडिओ लावला. जाकिटातला इवार दिसला. त्यानं तोंड उघडलं आणि सगळा मांडव दचकला. आवाज खाली जायचा, मध्येच वर उडायचा, घाटात चुकीच्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीसारखा घरघरायचा. पोरगा स्वतःच हसला, थांबला नाही, बोलतच राहिला. केतकी माइकवर एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. माझा आवाज आता असा झालाय. पुढं तो जाड होणार की बारीक राहणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही. आमचे गाण्याचे गुरुजी म्हणाले, मागं मोठ्या माणसांच्या ओळीत जागा ठेवलेली आहे, ये सावकाश. तोवर जो निघतो त्याच आवाजात मी बोलतो, कारण नाही बोललो तर आई जेवायला काय करू हे विचारून विचारून थकते. मांडवात हशा पिकला. पहिल्या रांगेत पंचफुलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"शेवटी तो म्हणतो," केतकी बापाकडं बघत म्हणाली, "की गाड्यांची नावं पुकारणारे काका तिथं असतील, तर त्यांनी माझी गाडी एकदा पुकारावी."

पलीकडं बसस्थानकावर डब्यातली बाई पांढुर्ण्याची गाडी लावत होती. उत्तमराव शाल सावरत माइकपाशी गेले. त्यांनी घसा खाकरला, ते खाकरणंसुद्धा सौंसरनं किती दिवसांनी ऐकलं होतं. मग तो जाड, फाटका आवाज बाहेर पडला. सुरुवातीला अडखळला, मग रस्त्याला लागला.

"इवारची पहिली गाडी सुटली हाय. दुसरी गाडी मागून येऊन राहिली. कधी येते ते आमालेही मालूम नाई. बोरगाव, सावनेर, नागपूर, आन् तिथून पुढं नॉर्वे." ते थांबले. "घाई करू नका, जागा सगळ्यायले भेटते."

आणि सवयीनं अर्धा मांडव उठला. लोकांनी पिशव्या उचलल्या, लेकरं काखेत घेतली. बसस्थानकावर पांढुर्ण्याच्या गाडीत बसलेली माणसं खाली उतरून मांडवाकडं धावत आली, कारण उत्तमराव पुकारताहेत म्हटल्यावर खरी गाडी इकडंच लागली असणार. एकानं नॉर्वेला जायला सीट आहे का विचारलं. भूपेंद्रसेठही खुर्चीतून उठून घड्याळ बघत उभे होते. डब्यातली बाई तिकडं रिकाम्या फलाटाला सांगत राहिली, तिचं कुणी ऐकलं नाही.

उत्तमरावांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यांनी दोन्ही लपवलं नाही. ही शाल इवारला पाठवायची असं त्यांनी केतकीला तिथंच बजावलं. नारळ मात्र इथंच फोडू, तो बर्फात टिकायचा नाही, असं म्हणून तो फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. नाश्ता आला. पोहे पंचफुलाबाईंनी पहाटे उठून स्वतः केले होते. उत्तमरावांनी मंचावर उभ्या उभ्याच पहिला घास घेतला. माइक समोर सुरूच होता, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"पंचफुला," ते म्हणाले, आणि सगळ्या सौंसरनं ऐकलं, "पोह्यात मीठ कमी हाय वो."

पहिल्या रांगेत बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. मग ती उठून मंचाशी आली आणि तिनं वर नवऱ्याकडं पाहिलं.

"आनखी काय कमी हाय?" ती म्हणाली. "सांगा. सगळं सांगा."