मामाच्या वळणावर

"आणि मुली कुठे गेल्या?" असं विचारत आबा खिशातून मूठभर चिंचोके काढायचे.

नातवंडांनो, धुळ्याला आमच्या शेजारी राहणारे हे आबा मूळचे फैजपूरचे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. कोणी आपलं घराणं सांगू लागलं की ते फरशीवर त्याचं झाड मांडत. पुरुषाला हरभरा, बाईला चिंचोका, अकाली गेलेल्याच्या जागी मिरी. लोक सासरी गेलेल्या मुली गाळत. आबा त्यांना परत आणत. मग एकसारख्या फांद्या शोधत. "एकदा दिसली तर योगायोग, अक्का. तीच फांदी पुन्हा दिसली, तर थांबायचं."

बहुतेक घरांत त्यांना सापडायचा तो लग्नात रुसलेला मामा. "हा बठ्ठ्या, सगळ्या खान्देशात पिकतो, केळीसारखा!"

थोरल्या, तुझ्या बारशाच्या सकाळी आबा शिऱ्याची वाट बघत बसले होते. "आज तुमचं माहेर सांगा, अक्का."

मी सांगितलं. भाऊ लहानपणी झोक्यावरून पडला, ओठ फुटला, रक्त थांबलंच नाही. मिरी. चोपड्याच्या बहिणीचा मुलगा दात पडल्याचं निमित्त होऊन गेला. "मामाच्या वळणावर गेला म्हणायची आई," मी म्हटलं.

आबांचा हात थांबला. "आणि आईचा भाऊ?"

"त्याला विळा लागला होता, त्यातच गेला."

फरशीवर दोन फांद्या अगदी सारख्या दिसत होत्या. चिंचोका, शेजारी मिरी, खाली मिरी. एक आईची, एक बहिणीची. माझ्या चिंचोक्याशेजारीही मिरी होती; खाली मात्र दुसरा चिंचोका, म्हणजे तुमची आई. तिच्याखाली ठेवायचा तुझा हरभरा आबांच्या चिमटीतच राहिला.

"तुम्हाला मुलगा नाही, अक्का," ते हळूच म्हणाले. "म्हणून इथं आजवर काही दिसलं नाही."

तेवढ्यात माझ्या सासूबाईंची हाक आली, "आबा, तुमना खेळ आवरा! बठ्ठी तयारी व्हयी गयी, सोनार दारमा उभा शे!"

कान टोचायचे होते. मी उठले. आत पोचले तेव्हा सोनारानं तुझी कानाची पाळी चिमटीत धरली होती, सोन्याची तार टेकवली होती. मी तुला ओढूनच घेतलं. "काय झालं, आई?" तुमची आई विचारत राहिली.

मुंबईहून तुझ्या रक्ताचा अहवाल आला. फरशीवर होतं तेच त्यात होतं: रक्त न गोठण्याचा आजार, आईकडून मुलात उतरणारा. पुढं तू रांगू लागलास आणि मला घरातले सगळे कोपरे दिसू लागले. पाटाचा, उंबऱ्याचा, जात्याचा. आबा रोज कुंपणावरून विचारत, "आज पडला का?" नाही म्हटलं की घरात जात.

तो हरभरा त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. खिशात घातला होता.

आता आबा नाहीत. परवा तुझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तिला दिवस गेलेत. पोरी, तिथले डॉक्टर घराणं विचारतील. मुली गाळू नकोस. सुरुवात बाळाच्या मामापासून कर. तो आहे. त्याचे कान अजून कोरे आहेत.