नावाड्याच्या गाण्याचे शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि ती तर मी गायलो त्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढं सोपं जातं.

गोष्ट एका स्पॅनिश लोकगीताची आहे. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात मी क्वालिटीचं काम बघतो. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे इनेस नावाची कोलंबियाची वेल्डिंग इन्स्पेक्टर होती. रिपोर्ट भरताना ती हे गाणं गुणगुणायची. नदीकाठी उभी एक बाई नावाड्याला विचारतेय – वारा कुठला, पाणी किती खोल, पलीकडे कोण भेटेल. बस, एवढंच. कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही, असं इनेस म्हणायची. तिची आजी ते अंगाईसारखं म्हणायची. मेक्सिकोत म्हणे ते लग्नात बँडवर वाजतं, आणि स्पेनमधल्या जुन्या गाण्यात नदीऐवजी समुद्रच आहे.

मला नाद लागला. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत दुसरं काही लावेनासा झालो. एका रेकॉर्डिंगात नुसती गिटार, एकात ट्रम्पेटांचा दणदणाट. एका अरब गायकानं ते उद या अरबी तंतुवाद्यावर घेतलेलं. बर दुबईतल्या एका हॉटेलात तर फिलिपिनो बँडनं म्हटलं आणि मी जेवण टाकून ऐकत राहिलो. दरवेळी एखादं कडवं गळलेलं, एखादं नवं शिरलेलं. आणि गीतकार म्हणून सगळीकडे एकच शब्द – पारंपरिक.

मग मला हाव सुटली. मराठीत का नको? इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम जवळ आला होता, मी गिटार वाजवतो, गातोही बरा. महिनाभर शब्द जुळवले. चालीवर बसत होते, पण गाणं मेलेलं होतं. माझ्या गाण्यातली बाई नुसती घाईत – ने रे मला, ने रे पलीकडे.

दत्ताराम आमच्याकडे फिटर होता. गुहागरकडचा, राहायला उम्म अल कुवैनच्या कामगार कॅम्पात. दुपारच्या सुट्टीत मी शेडच्या सावलीत कागदावर खाडाखोड करत बसलो होतो, तो शेजारी डबा खात होता. कसलं गाणं म्हणून त्यानं विचारलं. मी अर्थ सांगितला. त्याचा हात डब्यातच थांबला.

“साहेब, त्या बाईला जायाचंच नाय,” तो म्हणाला. “म्हणून तर ती इचारीत बसलीय.”

मग म्हणाला, त्याची सुट्टी संपली की बायको खाडीवरच्या होडीच्या धक्क्यापर्यंत पोचवायला येते आणि तिथं उगाचच विचारत राहते – गोळ्या घेतल्या का, विमान कितीचं, तिकडे हवा कशी असेल. सगळं तिला माहीत असतं.

दोन दिवसांनी त्यानं कंपनीच्या एका डिलिव्हरी नोटच्या पाठीवर चार कडवी लिहून आणली.

नावाड्या रे, वारा कुठला,
पाणी किती खोल?
घाई नको रे, आणिक थोडं
माझ्यासंगं बोल.

मी एकही शब्द बदलला नाही. बदलण्यासारखा नव्हताच.

कार्यक्रमाला त्याला बोलावलं का? नाही. त्याला सुट्टी होती, माझ्या गाडीत जागा होती – तरी नाही. मंडळात सगळे फॅमिलीवाले, तो अवघडेल, अशी मी माझीच समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. तो समोर असता तर मला त्याचं नाव घ्यावं लागलं असतं.

गाणं संपलं. हॉलभर टाळ्या. निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर विचारलं, मराठी शब्द कुणाचे? मी हसलो. म्हणालो, लोकगीताचा कर्ता कुणी सांगावा? लोकांना तो माझा विनय वाटला. त्यांना तसं वाटतंय हे मला कळत होतं – आणि मी वाटू दिलं.

इथंच थांबलं असतं तर मी कधीतरी बोललो असतो, असं मला म्हणावंसं वाटतं. पण ते तरी खरं कशावरून?

व्हिडिओ फिरत फिरत कॅम्पात पोचला. दत्ताराम खुशीत माझ्या केबिनपाशी आला. चांगलं म्हटलंत, म्हणाला. मग जरा घुटमळला. व्हिडिओच्या खाली नाव लिहितात, तसं त्याचं येईल का, घरी दाखवायला – एवढंच त्यानं विचारलं.

मी काय म्हणालो?

“कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या कागदावर लिहिलंयस तू ते. नाव आलं तर व्हिसाचं कठीण होईल तुझ्या.”

असला नियम कुठेच नव्हता. नियम बघणं हेच माझं काम, मला माहीत नसणार? पण तो घाबरला. चुकलं म्हणाला – माफी मागितली त्यानं, माझी. तो कागद फाडून टाका, साहेब, म्हणाला.

मी फाडला. त्याच्यासमोर.

दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो कायमचा घरी गेला. जाताना गावाकडचा नंबर देऊन गेला, गुहागरला आलात तर घरी या म्हणाला. गाणं मात्र चालत राहिलं. अबू धाबीच्या मंडळानं ते बसवलं, मग मस्कतमध्ये कुणी म्हटलं. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका गायिकेनं रेकॉर्ड केलं. चांगली मुलगी. ते बाहेर काढण्याआधी तिनं मला शोधून काढून मेसेज केला – सर, शब्द तुमचे आहेत असं कळलं, तुमचंच नाव देऊ ना?

माझं नाव देऊ नका, असं मी तिला लिहिलं. तेवढा प्रामाणिकपणा दाखवल्याचं मला बरंही वाटलं. मग कुणाचं देऊ, तिनं विचारलं.

फोन हातात होता. दत्तारामचा नंबर त्याच फोनमध्ये होता. मी ‘पारंपरिक’ असं टाइप केलं आणि पाठवून दिलं.