सुभेदारीणकाकूंच्या हिरड्या

"पोरगी गुणाची हाय गं, पर हसती का न्हाई? दातात काय सोनं दडवलंय व्हय?"

हा प्रश्न सुभेदारीणकाकूंनी आमच्या पायरीवर बसून माझ्या आईला विचारला, तेव्हा मी आत चहा गाळत होते. काकूंच्या कुजबुजीलाही परेडच्या मैदानाचा सराव असल्यामुळे ती मला ऐकू आली. कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या आमच्या निम्म्या गल्लीलाही आली असावी. आई म्हणाली, "लाजते हो ती." खरं कारण आईलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपासून माझ्या हिरड्या लाल होऊन सुजल्या होत्या आणि ब्रश लावला की बेसिन रंगायचं. मी मात्र ओठ मिटून जगत होते. इंग्रजी शाळेत शिकल्याचा एवढाच उपयोग झाला, की भित्रेपणाला मी 'प्रायव्हसी' म्हणू शकत होते.

समोरच्या घरातल्या या काकूंइतका स्वतःच्या दातांवर विश्वास असलेलं माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. त्या विश्वासाचं नाव मिश्री. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर आणि त्यांचे फौजी यजमान सुभेदारकाका काही मनाविरुद्ध बोलल्यावर, अशी दिवसातून किमान तीनदा काकूंची तर्जनी डबीत जायची आणि मग हिरड्यांवरून सावकाश, डोळे मिटून फिरायची. मिश्री सांगलीहून त्यांची बहीण पाठवायची, कारण साताऱ्याकडच्या तंबाखूला "नुसता रंग, दम न्हाई". एकदा आसामच्या लष्करी वसाहतीत असताना सांगलीचा डबा वेळेवर पोचला नाही. काकूंनी कुठूनशी पानं मिळवली आणि दारंखिडक्या लावून तव्यावर भाजायला घेतली. पंधरा मिनिटांत घरांची अख्खी रांग खोकत रस्त्यावर आली, आणि मोठ्या साहेबांच्या मेमसाहेबांनी आग लागली म्हणून पाण्याच्या बादल्या घेऊन शिपाई धाडले. "मी त्या शिपायांस्नी च्या पाजला आन् मिश्री कुटून घेतली," काकू सांगायच्या. हा प्रसंग त्या दरवेळी सांगायच्या आणि दरवेळी शिपाई दोनाने वाढायचे.

डोकं दुखलं, मिश्री. पोट साफ नाही, मिश्री. जाऊबाई माहेरी गेली नाही, मिश्री. दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्या पायरीवर जमल्या की डबी हातोहात फिरायची, आणि नको म्हणणारीला "अगं, घे की, काय इख हाय व्हय?" असा दम मिळायचा. मला तेवढं कोणी विचारत नसे. माझ्यासाठी काकूंचं वेगळं भाषण होतं. "तुमच्या त्या पेस्टीनं हिरड्या लाडावत्यात, मॅडम. माझ्या हिरडीतनं आजवर रक्ताचा थेंब आला न्हाई. अजून उसाचं कांडं दातानं सोलती मी!" मी मान डोलवायची, घरी यायची आणि बेसिनमधलं रक्त गुपचूप धुवायची. पुराव्यानिशी हरलेला पक्ष होते मी.

शेवटी कऱ्हाडच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वाटेत रिक्षात इंग्रजी वाक्यं तयार केली होती. खुर्चीत आडवी झाल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

"रक्त येतंय म्हटल्यावर काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"तिथं घासणं बंद केलं."

"शाबास! खोलीत कचरा दिसला म्हणून दार लावून घेतलंस."

मग त्यांनी आरसा दाखवून समजावलं. दात आणि हिरडी मिळतात तिथे चिकट थर साचतो, काढला नाही की दगडासारखा घट्ट होतो. हिरडी सुजते आणि रक्त येतं ते त्याने. तसंच चालू दिलं की सूज खाली उतरून दात धरून ठेवणारं हाड झिजवते. माझं अजून हाडापर्यंत गेलं नव्हतं. त्यांनी तो थर खरवडून काढला, मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हळूहळू फिरवायला शिकवलं, दातांच्या फटी दोऱ्याने रोज साफ करायला सांगितल्या. मी भांडी घासावीत तसे दात घासत होते, हेही त्याच दिवशी कळलं.

निघताना मी जरा तोऱ्यात म्हणाले, "आमच्या शेजारच्या काकूंच्या हिरड्यांतून तर कधीच रक्त येत नाही."

"मिश्री लावतात?" डॉक्टरीणबाई हात धुता धुता थांबल्या. "तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात गं. आग आत लागलेली असते, नुसती घंटा वाजत नाही. त्यांना घेऊन ये. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं."

त्या दिवसापासून मला काकू वेगळ्या दिसू लागल्या. सुभेदारकाकांनी आणलेला ऊस त्या "गोड न्हाई" म्हणून आमच्याकडे पाठवत होत्या. भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. बोलण्याआधी जीभ खालच्या एका दाताला हळूच ढकलून बघायची, मुक्कामी पाहुणा उठला का बघावं तशी. हे सगळं मला आधीही दिसलं होतं; फक्त कळलं नव्हतं. आता कळलं होतं, तर सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी वाक्य पाठ करून समोर गेले आणि कढीपत्ता घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेला लोकरीचा गुंडा करून दिला. तिसऱ्या खेपेला तर काकूंनी हात पुढे केला आणि मी त्यांना मिश्रीची डबी उचलून दिली. तोवर माझ्या हिरड्यांतलं रक्त थांबत आलं होतं. त्यामुळे आरशात स्वतःकडे बघायची लाज आणखीच वाढली.

गेल्या रविवारी दुपारी काकूंनी हाक मारली. पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. हातात शिवणाच्या रिळाचा दुहेरी दोरा, आणि त्याचं एक टोक खालच्या दाताला बांधलेलं.

"लय हालतोया. वय झालं की पडायचाच," त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. "सुबेदार म्हंत्यात माझा हात कापतो. तुझा हात हलका. हे टोक धर आन् एका दमात वढ."

मी टोक धरलं. मला सांगितलेलं काम मी नेहमीच धरते. काकूंनी डोळे गच्च मिटले. आसामात बादल्या घेऊन आलेल्या शिपायांना चहा पाजणाऱ्या या बाईने दुसऱ्या हाताने माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट पकडलं होतं. त्या क्षणी त्या मला सात वर्षांच्या दिसल्या, कुठल्यातरी सांगलीकडच्या अंगणात, पहिला दात पडायला आलेल्या. फक्त या खेपेला त्या जागी दुसरा येणार नव्हता.

"वढ म्हंती न्हवं! झोपली काय?"

मी दोरा सोडून दिला. माझी आई घरातून धावत बाहेर येईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "न्हाई वढायची मी! आवं काकू, रक्त येत न्हाई म्हंजी हिरडी बरी हाय असं न्हाई, मिश्रीनं तिची दातखीळ बसलीया. हा दात ऱ्हाईल का ठाऊक न्हाई, पर बाकीचे ऱ्हात्याल. उद्या सकाळी कऱ्हाडला जायचं. मी येती तुमच्यासंगं, आन् तुमी भ्याला तर माझा हात धरा."