पणजोबांच्या कबरीमागच्या बाटल्या

मैत्रिणींनो, हे आपल्या गटाबाहेर जाऊ देऊ नका.

माझे पणजोबा ख्रिस्ती उपदेशक होते. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शेतात घरच्यांच्या जुन्या कबरी आहेत. आज सकाळी तिथलं गवत काढायला गेले, तर पणजोबांच्या दगडामागे कपाशीवर फवारायच्या विषाच्या बाटल्यांचा ढीग! संतापून मी त्या फेकायला उचलल्या.

तेवढ्यात शेजारच्या शेतातली बाई ओरडत धावत आली. "ताई, फेकू नोका! आम्हा बायांच्या हायेत त्या."

"पण इथं कशाला?"

"घरात ठेवाले भेव वाटते. यंदा सारी बोंडं सडली. माहा नवरा कालपासून जेवलाबी नाही, बोलूनबी नाही राह्यला. फवारणीच्या दिवशी आम्हीच काढून देतो, उरलं का पुन्हा इथं. पाद्रीबाबाच्या कबरीकडे गडीमाणसं फिरकत नाहीत."

बाटल्या जिथल्या तिथे ठेवल्या. तिचा हात धरून तिथेच बसले. मग दोघी तिच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्याने माझ्यासोबत चार घास खाल्ले.

पण बाकीच्या घरांचं काय? तुमच्या गावातल्या बाया बाटल्या कुठे लपवतात, विचारलंत कधी?